१३००डी नंतर कोणता? बोरा बाजारात जाण्याआधीचा आणि नंतरचा हिशोब

कॅनन १३००डी, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स, नंतर घेतलेली ५५-२५० एसटीएम आणि ४५ हजारांची मर्यादा. निवडीला बसताना हातात एवढंच होतं. २०१६ सालचा हा कॅमेरा: १८ मेगापिक्सेल, ९ फोकस पॉइंट, सेकंदाला ३ फोटो. शिकायला उत्तम. पण त्याच्यापुढे काय घ्यायचं हे मुंबईच्या फोर्टातल्या दुकानाच्या काउंटरवर ठरवायला गेलं, की पहिला प्रश्न येतो "बजेट किती?" आणि तिथून पुढे निवड दुकानातल्या शिल्लक मालाप्रमाणे होते. म्हणून फोर्टातल्याच बोरा बाजाराची पायरी चढण्याआधी तीन आठवडे घरीच काम केलं. ते काम म्हणजे जमलेल्या नव्हे, फसलेल्या फोटोंची वर्गवारी.

दोन वर्षांचे फोल्डर लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले आणि टाकाऊ म्हणून बाजूला पडलेले फोटोच फक्त पाहिले. प्रत्येकाखाली फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) दिसतंच. फोटो का फसला याचं एकच मुख्य कारण ठरवायचं आणि त्या ढिगात टाकायचा. ढीग चारच केले: हललेले, फोकस दुसरीकडेच बसलेले, सावलीचा भाग उजळताना घाण झालेले आणि क्षण निसटलेले. रचना चुकलेले फोटो मोजलेच नाहीत, कारण त्यावर औषध दुकानात मिळत नाही.

सगळ्यात मोठा ढीग हललेल्यांचा निघाला आणि त्यातले बहुतेक एकाच जातीचे होते. गणपतीची संध्याकाळची मिरवणूक, लग्नाचा हॉल, मंडपातली आरती. १८-५५ पूर्ण ओढलेली, म्हणजे ५५ला. तिथे ही लेन्स एफ/५.६च्या पलीकडे उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). आयएसओ ३२०० आणि शटर १/४०. ढोलावरचा टिपरू थांबवायचा तर किमान १/३२० लागतं. १/४० ते १/३२० म्हणजे बरोबर तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) कमी पडतायत. आता हे तीन स्टॉप आणायचे कुठून? त्याच आकाराच्या सेन्सरची नवी बॉडी घेतली तर उंच आयएसओला फार तर एक स्टॉप सुधारणा मिळते. उलट ५० एमएम एफ/१.८ लेन्स एफ/५.६च्या मानाने सव्वातीन स्टॉप जास्त प्रकाश आत घेते, म्हणजे जवळपास दहापट. जुन्याच १३००डी वर ही लेन्स लावली तरी आयएसओ ३२००लाच शटर १/३२०च्या पुढे जातं. थोडक्यात, ज्या ढिगामुळे कॅमेरा बदलायचा विचार सुरू झाला, तो ढीग कॅमेऱ्याचा नव्हताच. पंचेचाळीस हजारांतला एक पंचमांश भाग तिथेच लेन्ससाठी बाजूला काढला.

मात्र फिफ्टीचं, म्हणजे या ५० एमएम लेन्सचं गणित मुंबईतल्या घरांत लगेच अडतं. कॅननच्या या सेन्सरची रुंदी २२.३ मिलिमीटर. अडीच मीटर मागे सरकून ५०ने फोटो काढला तर चौकटीत आडवी जागा मावते १.१ मीटर. म्हणजे दोन माणसं, तीही खेटून. दहा बाय बाराच्या खोलीत बारशाला सात-आठ बायका पाळण्याभोवती उभ्या असतात, तिथे ही लेन्स भिंतीला पाठ लावूनही अपुरी पडते. कॅननची २४ एमएम एफ/२.८ एसटीएम त्याच अंतरावरून २.३ मीटर आडवं घेते, छोटी आणि हलकी आहे, पण किट लेन्सच्या तुलनेत प्रकाशात फार तर एका स्टॉपचाच फायदा देते. निकॉनकडे मात्र ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स ही लेन्स आहे: त्यांच्या २३.५ मिलिमीटर सेन्सरवर अडीच मीटरवरून १.६८ मीटर आडवं येतं, एफ/१.८ मिळतं आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली. कॅननच्या बाजूला याला तोडीस तोड स्वस्त लेन्स कॅननने बनवलेली नाही. ३५ एमएम एफ/२ आयएस आहे, पण ती फारच वरच्या किमतीची. या एका लेन्समुळे निकॉनचा विचार मनापासून करावा लागला. नाहीतर "आपण कॅननवाले" म्हणून तो आधीच खोडला गेला असता.

दुसरा ढीग फोकसचा. १३००डी मध्ये नऊ पॉइंट असले तरी क्रॉस टाइप फक्त मधला. क्रॉस टाइप म्हणजे जो आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा पकडतो. बाकीचे आठ एकाच दिशेच्या रेषा पाहतात. कमी उजेडात ते आठ पॉइंट मागेपुढे शोधत राहतात, म्हणून सगळेजण मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस करतात, बटण अर्धवट दाबून धरतात आणि कॅमेरा फिरवून रचना करतात. किट लेन्सवर ही युक्ती खपून जाते. एफ/१.८ला मात्र अंगाशी येते. ५० एमएम, एक मीटर अंतर, एफ/१.८: स्पष्ट दिसणारी खोली सगळी मिळून जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. डोळा चौकटीच्या कडेकडे नेण्यासाठी कॅमेरा दहा अंश फिरवला की फोकसचं प्रतल दीड सेंटिमीटर मागे सरकतं. डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो तो यामुळे. दोन मीटरवर खोली अकरा सेंटिमीटर होते आणि चूक तीन सेंटिमीटर, तिथे निभावतं. म्हणजे आधीच ठरवलेली फिफ्टी नीट वापरायची असेल तर कडेचे पॉइंटही भरवशाचे हवेत. हे काम मात्र बॉडीचंच.

तिसऱ्या ढिगात मरीन ड्राइव्हच्या संध्याकाळी आणि खिडकीसमोर बसलेली माणसं. आभाळ जपायचं म्हणून फोटो काळोखा काढला आणि नंतर सावली उजळली, की १३००डीच्या फाइलमध्ये आडवे-उभे पट्टे उमटतात. तो सेन्सर जुन्या घडणीचा आहे. ८०डी पासून पुढच्या बहुतेक कॅननमध्ये हा दोष बराच कमी झाला आणि निकॉनच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरांमध्ये त्याहूनही कमी आहे. चौथा ढीग, क्षण निसटलेल्यांचा, लहान होता: उडणारे फ्लेमिंगो, लेझीमची उडी. सेकंदाला तीन फोटो आणि रॉ मध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) सहा फोटोंनंतर कॅमेरा दम खातो, त्याचा हा परिणाम.

मेगापिक्सेलचा ढीग झालाच नाही, हेही सांगायला हवं. १८ मेगापिक्सेलची फाइल ५१८४ पिक्सेल रुंद असते. १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला इंचामागे २८८ पिक्सेल मिळतात. लॅब ३०० मागते. हा फरक भिंतीवर कोणालाही दिसत नाही. २४ मेगापिक्सेलची फाइल रुंदीला १६ टक्केच मोठी. जाहिरातीत १८ आणि २४ या आकड्यांमधलं अंतर दिसतं त्याहून बरंच कमी.

एवढं झाल्यावर मॉडेलची यादी केली आणि तीन नावं तिथल्या तिथे खोडली. १५००डी (२०१८): मेगापिक्सेल २४, पण फोकस तोच नऊ पॉइंटचा, वेग तोच तीन फोटोंचा, प्रोसेसरही १३००डी मधलाच. १३००डी वाल्याने १५००डी घेणं म्हणजे घर बदलून त्याच चाळीत पलीकडच्या खोलीत जाणं. ३०००डी तर पायरी खाली आहे, लेन्स बसते ती कडीही प्लॅस्टिकची. निकॉन डी३५०० हलका आहे, बॅटरी एका चार्जमध्ये दीड हजार फोटो देते, पहिला कॅमेरा म्हणून सुरेख. पण ११ पॉइंटमध्ये क्रॉस टाइप एकच. माझा दुसरा ढीग तसाच राहिला असता.

२००डी मार्क २ (२०१९) वर बराच वेळ घालवला, कारण दुकानदार सगळ्यात आधी तोच काढून दाखवतात. बॅटरीसकट ४४९ ग्रॅम, फिरणारा टचस्क्रीन, स्क्रीनवर पाहून फोटो काढताना ड्युअल पिक्सेल (सेन्सरवरच होणारा) फोकस अतिशय चपळ. व्हिडिओ आणि घरातली मुलं टिपायला छान. पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आत तेच नऊ पॉइंट आणि तोच एक क्रॉस. दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण दाखवताना कॅमेरा नेहमी स्क्रीनवरच दाखवतात. कॅमेरा हातात आला की आधी डोळा लावा, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर पाहणं, नंतर.

८००डी (२०१७) मध्ये गोष्ट बदलते. ४५ पॉइंट, सगळे क्रॉस टाइप, मधला पॉइंट उणे ३ ईव्ही (ईव्ही हे उजेडाचं माप) इतक्या अंधारात चालतो (१३००डी शून्य ईव्हीला थांबतो, म्हणजे आठपट जास्त उजेड मागतो), सेकंदाला सहा फोटो. ७७डी हा त्याचाच भाऊ, वर छोटा डिस्प्ले आणि मागे दुसरी चकती असलेला. या दोघांत एक गोष्ट नाही: लेन्सच्या फोकसची बारीक जुळवणी, म्हणजे मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट. फिफ्टी थोडी पुढे किंवा मागे फोकस करत असेल तर ८००डी वर काही करता येत नाही, बॉडी आणि लेन्स दोन्ही घेऊन सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. ८०डी (२०१६) मध्ये ती सोय आहे, शिवाय काचेच्या प्रिझमचा पूर्ण १०० टक्के व्ह्यूफाइंडर, सात फोटोंचा वेग, १/८००० शटर. वजन ७३० ग्रॅम. ९०डी (२०१९) सगळ्यात सरस: ३२.५ मेगापिक्सेल, सेकंदाला दहा. पण माझ्या पैशांत बसत नव्हता आणि किट लेन्सला ३२ मेगापिक्सेल झेपतही नाहीत. त्यातून त्याची सीआर३ ही रॉ फाइल जुन्या लाइटरूममध्ये उघडत नाही. सॉफ्टवेअरचा खर्च वेगळा.

निकॉनच्या गल्लीत डी५६००, डी७२०० आणि डी७५००. डी५६०० मध्ये ३९ पॉइंट, त्यातले नऊ क्रॉस टाइप. बॉडीत फोकसची मोटर नाही, म्हणून ५० एमएम एफ/१.८डी सारखी जुनी लेन्स त्यावर हातानेच फोकस करावी लागते. सेकंडहँड बाजारात "निकॉनची फिफ्टी, एकदम स्वस्त" म्हणून जी मिळते ती बहुतेकदा हीच. डी५६०० ला नावापुढे 'जी' असलेली एएफ-एस लेन्सच घ्यावी. डी७२०० (२०१५) मध्ये मोटर आहे, ५१ पॉइंटपैकी १५ क्रॉस, दोन कार्डांची जागा, शटर दीड लाख फोटोंचं. डी७५०० (२०१७) वेगवान, सेकंदाला आठ, स्क्रीन वाकतो. पण कार्डाची जागा एकच. लग्नाची कामं घेणाऱ्याने यावर आधी विचार करावा, कारण मंगलाष्टकं परत होत नाहीत.

मिररलेसचं, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या पिढीच्या कॅमेऱ्यांचं काय, हे कोणीही विचारेल. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवी डीएसएलआर, म्हणजे आरशाची, बॉडी आणलेली नाही. पूर्ण रक्कम हातात असेल आणि नवीनच घ्यायचा असेल, लेन्सही नव्याने घ्यायच्या असतील, तर कॅनन आर१० किंवा आर५० घ्यावा, त्यात घोळ घालू नये. माझं उत्तर वेगळं आलं ते दोन कारणांनी. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे वापरलेल्या चांगल्या डीएसएलआर बॉडी आणि ईएफ (कॅननच्या डीएसएलआरला बसणाऱ्या) लेन्स बाजारात भरपूर येतात. आणि आज घेतलेली ईएफ किंवा ईएफ-एस लेन्स उद्या कॅननच्याच अ‍ॅडॅप्टरने आर मालिकेच्या बॉडीवर फोकससकट चालते. म्हणजे लेन्समध्ये घातलेला पैसा बुडत नाही.

कागदावर दोन नावं उरली: वापरलेला ८०डी किंवा वापरलेला डी७२००. इथे कागद बाजूला ठेवला आणि दोन्ही भाड्याने आणले. अंधेरीच्या बाजूला सिनेमा-सिरियलच्या धंद्यामुळे कॅमेरा भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि डिपॉझिट लागतं. घेताना लेन्सच्या काचा आणि बॉडीचे चारही कोपरे त्यांच्यासमोर मोबाइलवर टिपून ठेवावेत, नाहीतर परत करताना जुना ओरखडा आपल्या नावावर लागतो. शनिवार ते सोमवार तीन ठिकाणी दोन्ही कॅमेरे चालवले.

पहाटे साडेपाचला दादरचं फुलमार्केट. पिवळे बल्ब, पांढरे एलईडी आणि वर निळसर होत जाणारं आभाळ, सगळं एकाच चौकटीत. फोकस दोघांचाही पक्का. निकॉनवर ३५ एफ/१.८ लावून गर्दीत जे हिंडता येतं ते ८०डी वर ५० लावून येत नाही, हे मान्यच करावं लागलं. पण गर्दीत हात उंच करून वरून फोटो घ्यायची वेळ आली तेव्हा पारडं फिरलं. डी७२०० चा स्क्रीन हलत नाही आणि स्क्रीनवर पाहून फोकस करायला तो सेकंदभर चाचपडतो. ८०डी चा स्क्रीन खाली वाकवला, बोट ठेवलं, फोटो निघाला. विसर्जनाच्या दिवशी लालबागला किंवा गिरगावात खांद्याला खांदा लागलेला असतो. तिथे निम्मे फोटो असेच डोक्यावरून काढावे लागतात.

दुसरी जागा ट्यूबलाइटचा हॉल. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला शंभरदा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही. पण शटर १/२५० ठेवून लागोपाठ दहा फोटो काढले, की त्यातले काही उजळ, काही काळपट, एखाद्यात खालची पट्टी पिवळी. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर प्रत्येक फोटोत पूर्ण लहर मावते आणि दोष जातो, पण मग नाचणारी माणसं हलतात. ८०डी मध्ये अँटी-फ्लिकर सोय आहे: कॅमेरा लहरीचा वरचा टप्पा ओळखून नेमका तेव्हाच शटर उघडतो. बटण दाबणं आणि फोटो निघणं यात किंचित उशीर जाणवतो, वेग थोडा पडतो, पण दहाच्या दहा फोटो सारख्या उजेडाचे येतात. डी७२०० मध्ये फोटोंसाठी ही सोय नाही. हॉलमध्ये काम करणाऱ्याला हा फरक मेगापिक्सेलपेक्षा फार मोठा आहे, आणि माहितीपत्रकात तो शेवटच्या पानावर असतो.

तिसरी जागा ऐरोलीची खाडी, फ्लेमिंगोंसाठी. तिथे भरती-ओहोटीची वेळ कॅमेऱ्याहून महत्त्वाची. पाणी चढतं तसे पक्षी सरकतात. वेळ चुकली तर २५० एमएम काय आणि ५०० काय, चिखलापलीकडे गुलाबी रेघच दिसते. उडत्या पक्ष्यांवर दोन्ही कॅमेरे सारखेच चालले. ८०डी रॉ मध्ये पंचवीसेक फोटो सलग घेतो. डी७२०० अठरावर थांबतो, १२ बिटची फाइल निवडली तर सत्तावीसपर्यंत जातो.

घरी येऊन सावली उजळण्याची परीक्षा. आयएसओ १०० ला मुद्दाम चार स्टॉप काळा काढलेला फोटो उजळला तर डी७२०० स्वच्छ, ८०डी त्याच्या थोडा मागे, १३००डी चा फोटो फेकण्यासारखा. आयएसओ ३२०० च्या पुढे पहिल्या दोघांत सांगण्याजोगा फरक नाही. निसर्गदृश्यं काढणाऱ्याने इथेच डी७२०० उचलावा. माझे ढीग हॉल आणि मिरवणुकीचे होते, ५५-२५० लेन्स हातात होती, म्हणून ८०डी.

आता खरेदी. नव्या कॅमेऱ्याच्या पक्क्या बिलात १८ टक्के जीएसटी असतो. "बिल नको असेल तर कमी करून देतो" हे फोर्टात ऐकू येणारच. तो माल बहुधा बाहेरून आलेला असतो आणि त्यावर कंपनीची भारतातली वॉरंटी नसते, वर दुकानाचा शिक्का मारलेलं कार्ड देतात. फिफ्टी नवीन आणि बिलासकट घेतली. बॉडी वापरलेली घ्यायची होती, तिथे तपासणीला पाऊण तास लागतो आणि जो दुकानदार तेवढा वेळ देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. जाताना स्वतःची लेन्स, स्वतःचं कार्ड, एक लॅपटॉप, एक छोटी बॅटरी-टॉर्च आणि वर्तमानपत्र न्यावं. दुकानदाराच्या महागड्या लेन्सवर कुठलाही कॅमेरा छान दिसतो.

सुरुवात बाहेरून. बॉडीच्या तळावरचा सिरियल नंबर बिलावर आणि खोक्यावर तोच आहे का पाहावं. वरच्या फ्लॅशच्या पट्टीचा रंग घासून पितळ दिसत असेल तर कॅमेऱ्याने लग्नं खूप पाहिली आहेत. पकडीचं रबर आपल्या हवेत फुगतं, पांढरट पडतं, चिकट होतं. बदलता येतं, पण भाव करताना सांगावं. लेन्सच्या कडीभोवतीचे स्क्रू ओरबाडलेले असतील तर आत कोणाचा तरी हात गेला आहे. पाहिलेल्या पहिल्या बॉडीत हे तिन्ही होते, शिवाय मेन्यूत बॅटरी इन्फोमध्ये रिचार्ज परफॉर्मन्सच्या तीनऐवजी एकच चौकोन, तोही लाल. परत दिली.

शटर किती चाललंय ही माहिती निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्येच असते, एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने वाचता येते. कॅनन ती फोटोत लिहीत नाही. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावी लागते, त्यासाठी लॅपटॉप. फाइलचा क्रमांक पाहून अंदाज करणं फसवं, तो ९९९९ नंतर पुन्हा एकपासून सुरू होतो आणि हाताने बदलताही येतो. ८०डी चं शटर एक लाखासाठी बनवलेलं आहे. तीस-पस्तीस हजारांच्या आत मिळालं तर निर्धास्त.

मग सेन्सर. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला, मुद्दाम फोकस बिघडवून फोटो काढायचा आणि मोठा करून पाहायचा. गोल करडे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. नागमोडी केसासारखी खूण जागा बदलत नसेल आणि साफसफाईनंतरही राहिली तर नाद सोडावा. लेन्सला झाकण लावून आयएसओ ८०० वर ३० सेकंदांचा फोटो काढला की कायमचे लाल-निळे ठिपके दिसतात. दोन-चार असतील तर घाबरायचं कारण नाही. मॅन्युअल सेन्सर क्लीनिंग चालू करून अर्धा मिनिट तसाच ठेवला तर कॅननमध्ये ते बहुतेक वेळा जातात.

फोकसची तपासणी सगळे टाळतात. वर्तमानपत्र तिरपं टेकवायचं, दोन मीटरवरून एफ/१.८ ला एका मथळ्यावर व्ह्यूफाइंडरने फोकस करून पाच फोटो, मग तेच लाइव्ह व्ह्यूने पाच फोटो. लाइव्ह व्ह्यू सेन्सरवरच फोकस करतो, तो खरा. व्ह्यूफाइंडरचे पाचही फोटो एकाच दिशेने सारखे चुकले तर ती जुळवणीची बाब, मेन्यूतून सुटते. पाच फोटो पाच ठिकाणी गेले तर दोष वेगळा आहे, घेऊ नये. वापरलेली लेन्स घेताना टॉर्च मागच्या काचेतून मारावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. आणि झूम करताना "एरर ०१" आलाच तर आधी सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसून पाहावेत. वाइड बाजूलाच तो परत परत आला तर बहुधा आतली पट्टीची केबल गेलेली असते, तिचा खर्च किट लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो.

दुसरी बॉडी या सगळ्यातून निघाली. घरी जुळवणी पुन्हा केली. अंतर फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट ठेवावं, म्हणजे फिफ्टीसाठी सव्वा ते अडीच मीटर. दुपारच्या उजेडात करावी, ट्यूबखाली केलेली जुळवणी बाहेर चुकते. इथे अधिक ४ वर बसली. ५५-२५० ला काहीच लागलं नाही.

किरकोळ खर्च धरायचे राहतात. ८०डी ची बॅटरी एलपी-ई६एन, १३००डी ची एलपी-ई१०; जुनी चालत नाही, जादाची एक घ्यावी लागते आणि अस्सलच घ्यावी, कारण नकलीवर रिचार्ज परफॉर्मन्स नीट दिसत नाही. कार्ड यूएचएस-१ (कार्डाच्या वेगाची श्रेणी) पुरे. महागडं यूएचएस-२ कार्ड या कॅमेऱ्यात साध्याच वेगाने चालतं. बॉडीवर पावसाचे शिंतोडे अडवणारी सीलं आहेत, पण फिफ्टीला किंवा किट लेन्सला कडीवर रबर नाही. तेव्हा जुलैत वरळी सी-फेसवर सीलच्या भरवशावर उभं राहू नये, प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँडच खरा.

पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा मोठा डबा, आत अर्धा किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. तीसच्या खाली गेला तर रबर सुकतं. दाणे रंग बदलले की जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरायचे. चामड्याच्या केसात कॅमेरा ठेवू नये, चामडं ओल धरतं. १३००डी ला एक्स्चेंजमध्ये इतकी कमी किंमत सांगितली, की तो २४ एमएमसाठी दुसरी बॉडी म्हणून त्याच डब्यात ठेवला आहे.